नाडीलहरीचा वेग अचूक मोजण्यासाठी: मानेपासून जांघेपर्यंतच्या मापनाची सविस्तर कार्यपद्धती

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर महाधमनीत दाबाची एक लहर उठते आणि धमन्यांच्या भिंतींवरून शरीरभर पसरते. भिंत लवचिक असेल तर ती दाब पोटात घेते आणि लहर सावकाश पुढे सरकते. भिंत ताठर झाली की तीच लहर झपाट्याने धावते. मानेतील कॅरोटिड धमनी आणि जांघेतील फिमोरल धमनी या दोन ठिकाणी लहर पोहोचण्याच्या वेळांतला फरक मोजायचा, दोन ठिकाणांमधले अंतर त्या वेळेने भागायचे आणि मिळालेला वेग मीटर प्रति सेकंद या एककात लिहायचा, एवढीच ही चाचणी आहे. महाधमनीची ताठरता बाहेरून मोजण्याची प्रमाण पद्धत म्हणून ती आज मान्य आहे.

चाचणी सोपी दिसते म्हणूनच तिच्यात चुका शिरतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे सोळा हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या एका एकत्रित विश्लेषणात वेग १ मी/से ने अधिक असला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनांची जोखीम साधारण १४ टक्क्यांनी अधिक आढळली होती. म्हणजे १ मी/से हा फरक वैद्यकीयदृष्ट्या मोठा आहे, आणि सैल हाताने मोजल्यास नेमकी तेवढीच चूक कोणाच्याही लक्षात न येता होऊ शकते. शिवाय ब्रॅमवेल आणि हिल यांनी १९२२ साली मांडलेल्या समीकरणानुसार ताठरता वेगाच्या वर्गाशी निगडित असते, त्यामुळे वेगातली ५ टक्के चूक ताठरतेत सुमारे १० टक्के होऊन उतरते. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रबंधासाठी ही मापने घेणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत काम करणारे तंत्रज्ञ यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील कार्यपद्धती लिहिली आहे.

आधी चुकांचे गणित

मानेपासून जांघेपर्यंतचे सरळ अंतर ६० सेंमी आहे असे धरू. पुढे दिलेल्या कारणांमुळे त्याचे ८० टक्के, म्हणजे ४८ सेंमी, गणितात घेतले जातात. लहरीला ६० मिलिसेकंद लागले तर वेग ८.० मी/से येतो. आता वेळ मोजताना केवळ २ मिलिसेकंदांची चूक होऊन ५८ मिलिसेकंद नोंदले गेले, तर वेग जवळजवळ ८.३ होतो. याच व्यक्तीची महाधमनी ताठर असती आणि लहर ४० मिलिसेकंदांत पोहोचली असती, तर खरा वेग १२.० आला असता आणि त्याच २ मिलिसेकंदांच्या चुकीने तो १२.६ दिसला असता. धमनी जितकी ताठर, तितकी वेळेची तीच चूक महाग पडते. ज्या रुग्णांच्या बाबतीत आकडा सर्वाधिक महत्त्वाचा, त्यांच्याच बाबतीत तो सर्वाधिक डळमळीत असतो. अंतराची चूक मात्र प्रमाणातच वाढते: टेपने २ सेंमी जास्त धरले की वेग तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो, मग धमनी कशीही असो.

या गणितावरून कामाची दिशा ठरते. वेळ मोजण्याचे काम यंत्र करते आणि चांगल्या सिग्नलवर ते बऱ्यापैकी करते. अंतर मोजण्याचे आणि व्यक्तीला योग्य स्थितीत आणण्याचे काम माणसाकडे असते, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ तिथेच खर्च व्हायला हवा.

पायरी १: व्यक्तीची आणि खोलीची तयारी

खोली शांत आणि साधारण २२ अंश सेल्सिअस तापमानाची असावी. मापनाआधीचे तीन तास जेवण, चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी, तर मद्य किमान दहा तास आधीपासून घेतलेले नसावे. ही सूचना भेटीच्या आदल्या दिवशीच द्यावी लागते, कारण सकाळी चहा न घेता घराबाहेर पडणे बहुतेकांच्या कल्पनेतही नसते.

तंबाखूविषयीचा प्रश्न आपल्याकडे विशेष काळजीने विचारावा लागतो. «धूम्रपान करता का?» असे विचारले की अनेक जण प्रामाणिकपणे नाही म्हणतात, आणि तरीही सकाळी मिश्री लावून किंवा चुन्याबरोबर तंबाखू मळून आलेले असतात. निकोटीन शरीरात कोणत्या मार्गाने गेले याने धमनीला फरक पडत नाही. हृदयगती आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. म्हणून बिडी, सिगारेट, मिश्री, गुटखा, खाण्याची तंबाखू अशी नावे घेऊन प्रत्येकाची शेवटची वेळ विचारावी आणि नोंदवावी. उपवासाच्या दिवशी आलेल्या व्यक्तीने पाणीही घेतलेले नसेल तर तेही लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास दुसरा दिवस द्यावा.

व्यक्तीला किमान १० मिनिटे उताणे, निवांत पडून राहू द्यावे. या वेळात आणि प्रत्यक्ष मापनाच्या वेळीही बोलू नये, तसेच डुलकीही लागू देऊ नये, कारण झोपेत रक्तदाब खाली जातो. जांघेत नाडी शोधायची असल्याने संकोच हा अचूकतेचाच मुद्दा ठरतो. अवघडलेल्या, घाबरलेल्या व्यक्तीचा रक्तदाब चढलेला असतो आणि त्याबरोबर लहरीचा वेगही. पडदा, अंगावर चादर, स्त्रियांसाठी सोबत स्त्री कर्मचारी आणि काय करणार आहोत याचे साध्या शब्दांत आधीच दिलेले स्पष्टीकरण ही व्यवस्था कार्यपद्धतीचा भाग समजावी. परकराची किंवा सलवारीची गाठ सैल करून घ्यावी. ती तशीच राहिली तर टोनोमीटर (त्वचेवर टेकवून धमनीतील दाबाची लहर टिपणारे पेनासारखे उपकरण) नीट टेकत नाही आणि टेपही तिच्यावरून उचलली जाते.

पुन्हा मोजायचे असेल तर शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, त्याच बाजूने आणि त्याच तपासणाऱ्याने मोजावे. सर्वसाधारणपणे उजवी बाजू निवडली जाते.

पायरी २: कोणाचे मोजू नये, कोणाचे सांभाळून मोजावे

आलिंद कंपन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) किंवा वारंवार येणारे अनियमित ठोके असतील तर प्रत्येक ठोक्याची लहर वेगळी असते आणि सरासरीला अर्थ उरत नाही. मानेच्या धमनीत लक्षणीय अरुंदपणा माहीत असेल किंवा स्टेथोस्कोपने तिथे घरघर ऐकू येत असेल तर त्या जागी दाब देऊ नये. दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या एकाच वेळी कधीही दाबू नयेत. महाधमनी कुठे फुगलेली असेल, तिच्यात कृत्रिम नळी बसवलेली असेल किंवा कमरेखालच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर आकडा येतो खरा, पण तो महाधमनीच्या ताठरतेचा राहत नाही.

पायरी ३: अंतर

इथे सर्वाधिक वेळ थांबणे योग्य आहे. पहिली अडचण शरीररचनेची आहे. लहर मानेत पोहोचून तिथून जांघेकडे जात नाही. महाधमनीच्या कमानीपासून ती एकाच वेळी वर मानेकडे आणि खाली जांघेकडे निघते. ती मानेत पोहोचते त्या क्षणी तिची दुसरी शाखा छातीतून बरीच खाली उतरलेली असते. म्हणून मान ते जांघ हे पूर्ण अंतर गणितात घेतले तर वेग अवाजवी मोठा दिसतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, मान ते जांघ सरळ अंतराला ०.८ ने गुणणे. एमआरआयने प्रत्यक्ष मार्ग मोजून केलेल्या तुलनेत हे गुणोत्तर खऱ्या मार्गाच्या फार जवळ आढळले आणि २०१२ च्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात त्याचीच शिफारस झाली. दुसरा उपाय वजाबाकीचा: छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपासून जांघेपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्यातून त्याच खाचेपासून मानेतील बिंदूपर्यंतचे अंतर वजा करायचे.

६० मिलिसेकंदांच्या त्याच उदाहरणात पूर्ण ६० सेंमी धरल्यास वेग १०.० येतो, ०.८ ने गुणल्यास ८.० येतो, आणि वजाबाकीने ५५ उणे ८ असे ४७ सेंमी मिळाल्यास ७.८ येतो. व्यक्ती तीच, लहर तीच, आणि निष्कर्ष मात्र «उंबरठ्यावर» ते «ठीक» असा बदलतो. कोणती पद्धत वापरली ते न सांगता दिलेला आकडा मी तरी स्वीकारणार नाही.

२००७ च्या युरोपीय उच्च रक्तदाब मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याची सीमा १२ मी/से होती आणि ती पूर्ण अंतरावर आधारलेली होती. १२ ला ०.८ ने गुणले की ९.६ येतात, २०१२ मध्ये ते पूर्णांकात आणून १० मी/से ही सीमा ठरली. म्हणून पूर्ण अंतराने काढलेला वेग १० च्या सीमेशी ताडून पाहणे ही सरळ चूक आहे, आणि जुन्या यंत्रांच्या मूळ सेटिंगमुळे ती आजही घडू शकते. यंत्र सुरू करण्यापूर्वी सॉफ्टवेअरमध्ये अंतराचा कोणता पर्याय निवडलेला आहे ते पाहावे, आणि सॉफ्टवेअर स्वतःच ०.८ ने गुणत असेल तर आपण पुन्हा गुणत नाही ना, याची खात्री करावी.

प्रत्यक्ष मोजताना पुढील क्रम पाळावा. आधी दोन्ही ठिकाणी बोटांनी नाडी शोधावी आणि ती सर्वांत स्पष्ट लागते तिथे त्वचेवर पेनाने बारीक खूण करावी. टोनोमीटर याच खुणेवर टेकवायचा. नोंद घेताना तो सरकवावा लागला तर खूणही नव्या जागी करावी आणि अंतर पुन्हा मोजावे. व्यक्ती पाठीवर सरळ, मान नैसर्गिक स्थितीत, पाय सरळ अशी असावी. नाडी शोधताना मान थोडी वळवावी लागते, पण अंतर घेताना ती पुन्हा सरळ करावी.

टेप शरीराच्या वळणावरून जाऊ देऊ नये. पोट सुटलेल्या व्यक्तीत किंवा स्तनांच्या उंचवट्यावरून टेप गेली की अंतर फुगते. ६० ऐवजी ६३ सेंमी नोंदले गेले तर वरच्या उदाहरणातला वेग ८.० वरून ८.४ होतो. लठ्ठ व्यक्तींची सडपातळ व्यक्तींशी तुलना करणाऱ्या अभ्यासात ही चूक विशेष घातक ठरते, कारण ती एकाच गटात होते आणि लठ्ठपणामुळे धमन्या ताठर होतात असा निष्कर्ष निव्वळ टेपमुळे निघू शकतो. यासाठी लांब हातांचे कॅलिपर, किंवा तान्ह्या बाळांची लांबी मोजण्यासाठी वापरतात तशी सरकत्या पट्टीची मोजपट्टी वापरावी. दोन्ही उपलब्ध नसतील तर टेप शरीराच्या वर, पलंगाला समांतर ताणून धरावी आणि दोन्ही टोके खुणांच्या बरोबर वर आहेत हे दुसऱ्या व्यक्तीने बाजूने पाहून सांगावे. अंतर दोनदा मोजावे. दोन मापांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

उतारवयात महाधमनीची कमान लांबते आणि वाकडीतिकडी होते. बाहेरून घेतलेले अंतर तेव्हा खऱ्या मार्गापेक्षा कमी पडते, आणि वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. ही मर्यादा कार्यपद्धतीने दूर होत नाही. वृद्धांच्या निष्कर्षात तिचा उल्लेख करणे तेवढे आपल्या हाती आहे.

पायरी ४: लहरीची नोंद

टोनोमीटर धमनीवर काटकोनात टेकवून, खालच्या घट्ट ऊतींवर धमनी किंचित चपटी होईल इतकाच दाब द्यावा. दाब कमी पडला तर लहर थरथरते, जास्त झाला तर तिचा माथा कापला जातो. पडद्यावरच्या आलेखात पाहायची मुख्य जागा म्हणजे लहरीचा पायथा, जिथून चढ सुरू होतो. उंची सुंदर असून पायथा गढूळ असेल तर ती नोंद टाकून द्यावी, कारण वेळ पायथ्यावरूनच मोजली जाते. माथ्यापर्यंत येईतो परावर्तित लहरी मिसळून आकार बदललेला असतो.

श्वासोच्छ्वासाबरोबर दाब वरखाली होतो, म्हणून किमान एक पूर्ण श्वासचक्र सामावेल अशा, साधारण १० ते १५ सेकंदांच्या सलग व स्वच्छ नोंदीची सरासरी घ्यावी. यंत्र सेकंदाला किती वेळा नमुना घेते हेही माहीत असावे. सेकंदाला २०० नमुने म्हणजे दोन नमुन्यांत ५ मिलिसेकंदांचे अंतर, आणि वरच्या गणितात आपण २ मिलिसेकंदांवर चिंता करत होतो. अनेक ठोक्यांच्या सरासरीने आणि मधल्या बिंदूंच्या गणिती अंदाजाने ही उणीव बरीच भरून निघते, मात्र त्यासाठी ठोके पुरेसे हवेत.

काही यंत्रे मान आणि जांघ यांची नोंद एकाच वेळी घेतात. एकच टोनोमीटर असलेली यंत्रे आधी मानेची आणि मग जांघेची नोंद घेऊन दोन्ही ईसीजीच्या आर शिखराशी (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातील सर्वांत उंच टोकाशी) जुळवतात. समजा आर शिखरापासून मानेपर्यंत १०० आणि जांघेपर्यंत १६० मिलिसेकंद लागले, तर फरक ६० येतो. मात्र आर शिखर आणि महाधमनीची झडप उघडणे यांच्या मधला काळ दोन्ही नोंदींत सारखाच आहे, हे यात गृहीत धरलेले असते. मधल्या मिनिटाभरात व्यक्ती उत्तेजित झाली आणि हा काळ ५ मिलिसेकंदांनी घटला, तर फरक ५५ दिसतो आणि वेग ८.० वरून ८.७ वर जातो. म्हणून अशा यंत्रावर मान आणि जांघ यांच्या नोंदींमध्ये कमीत कमी वेळ जाऊ द्यावा. दोन्ही नोंदींच्या वेळची हृदयगती तपासावी, आणि ती मिनिटाला पाचाहून अधिक ठोक्यांनी बदललेली असेल तर दोन्ही नोंदी पुन्हा घ्याव्यात. ईसीजीत आर शिखर स्पष्ट उभे दिसत नसेल तर इलेक्ट्रोडची जागा बदलूनच पुढे जावे.

पायथा नेमका कुठे, हे ठरवण्याची गणितीय रीतही यंत्रागणिक वेगळी असते. चढाच्या सर्वांत तीव्र भागाला काढलेली स्पर्शिका आणि चढापूर्वीच्या किमान बिंदूतून काढलेली आडवी रेषा जिथे छेदतात तो बिंदू, ही आज सर्वाधिक प्रचलित रीत आहे. जुन्या काही यंत्रांत सर्वाधिक चढाच्या जागा जुळवल्या जात. एकाच लहरीवर या रीतींनी ५ ते १५ टक्के वेगळा वेग येऊ शकतो. एकाच अभ्यासात यंत्र किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती मध्येच बदलू नये.

पायरी ५: रक्तदाब, हृदयगती आणि पुनरावृत्ती

दाब वाढला की तीच भिंत अधिक ताणली जाते आणि ताठर वागते. त्यामुळे रक्तदाबाशिवाय नोंदलेला वेग अपुरा आहे. वेग मोजण्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर, त्याच उताण्या स्थितीत दंडावरचा रक्तदाब घ्यावा आणि त्यावरून सरासरी धमनीदाब काढून ठेवावा. औषध सुरू केल्यानंतर वेग घटला, तर भिंत सुधारली की फक्त दाब उतरला, हा प्रश्न या नोंदीखेरीज सुटत नाही. हृदयगतीचा परिणाम तुलनेने लहान असला तरी तीही लिहावी.

एकदा मोजून थांबू नये. किमान दोन पूर्ण मापने घेऊन त्यांची सरासरी द्यावी, दोहोंत ०.५ मी/से पेक्षा जास्त फरक असेल तर तिसरे मापन घेऊन तिन्हींतले मधले मूल्य द्यावे. आवडते मूल्य ठेवून दुसरे खोडणे हा पर्याय नाही.

पायरी ६: आकड्याचा अर्थ

२०१० साली युरोपातील ८ देशांच्या १३ केंद्रांतील माहिती एकत्र करून संदर्भमूल्ये प्रसिद्ध झाली. त्यात इतर जोखीम नसलेल्या निरोगी व्यक्तींत तिशीच्या आत वेग सरासरी ६ मी/से च्या आसपास, पन्नाशीत ८ च्या थोडा वर आणि सत्तरीनंतर ११ च्या जवळ होता. म्हणजे १० ही सीमा वयाचा विचार न करता लावली, तर तिशीतल्या माणसाचा ८.५ हा खरोखर चढलेला आकडा निर्धोक समजला जाईल, आणि निरोगी सत्तरीचा माणूस आजारी ठरेल. अहवालात वयानुरूप मूल्य आणि सीमा दोन्ही द्यावीत.

इतर यंत्रांची मूल्ये यात मिसळू नयेत. दंड ते घोटा या पद्धतीत हातापायांच्या स्नायुमय धमन्याही येतात आणि आकडे मुळातच मोठे असतात. तिथे धोक्याची सीमा १८ मी/से धरली जाते. दंडावरच्या एकाच पट्टीवरून वेगाचा अंदाज देणारी काही यंत्रे प्रामुख्याने वय आणि वरचा रक्तदाब यांवरून गणित करतात. वय आणि दाब वगळून आणखी काही कळावे अशी अपेक्षा असेल तर त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

पायरी ७: आपल्या खोलीची कसोटी

नवीन यंत्राची प्रमाणित यंत्राशी तुलना करण्यासाठी धमन्यांवरील संशोधकांच्या आर्टरी सोसायटी या संघटनेने २०१० मध्ये निकष दिले: सरासरी फरक ०.५ मी/से पर्यंत आणि प्रमाण विचलन (फरक किती विखुरलेले आहेत याचे माप) ०.८ पर्यंत असेल तर उत्कृष्ट, सरासरी फरक १.० च्या आत आणि विचलन १.५ पर्यंत असेल तर स्वीकारार्ह. उत्पादकाने हे निकष पूर्ण केले असले तरी ते त्याच्या प्रशिक्षित माणसांच्या हातून. आपल्या विभागात अभ्यास सुरू होण्यापूर्वी वेगवेगळ्या वयाच्या आणि बांध्याच्या वीस-पंचवीस व्यक्ती घेऊन, दोन तपासणाऱ्यांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजावे, आणि त्याच व्यक्तींना आठवड्याभरात पुन्हा बोलावून मोजावे. प्रत्येक व्यक्तीच्या दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीपुढे मांडून पाहिला की एखादा तपासणारा सतत जास्त मोजतो का आणि वेग वाढेल तसा विस्कळीतपणा वाढतो का, हे दिसते. सतत जास्त मोजणाऱ्याच्या बाबतीत प्रथम त्याची अंतरे तपासावीत.

या कसोटीतून मिळालेले विचलन पुढे सतत जवळ ठेवावे. दोन भेटींतल्या फरकांचे प्रमाण विचलन ०.८ मी/से आले, तर धमनीत काहीच न बदलता ९५ टक्के वेळा फरक सुमारे १.६ मी/से च्या आत कुठेही पडू शकतो. अशा खोलीत एखाद्या रुग्णाचा वेग तीन महिन्यांत १०.४ वरून ९.५ वर आला, तर औषधाने ताठरता कमी झाली असे त्याला सांगता येत नाही. पुढच्या भेटीला त्याच वेळी, त्याच बाजूने, रक्तदाबाच्या नोंदीसह पुन्हा मोजावे लागते.